कस्टम वेटसूट अंगाला बसला नाही, तर चूक कोणाची?

हा एपिसोड ज्यांना ऐकायला वेळ मिळाला नाही, किंवा लोकलमध्ये नेटवर्क गेल्यामुळे अर्धाच ऐकता आला, त्यांच्यासाठी तो इथे लिहून ठेवतेय. बोलताना दोन-तीन आकडे माझ्याकडून घाईत निसटले होते, ते इथे नीट दिलेत.

विषय थोडा वेगळा आहे. मापाने शिवून घेतलेलं डायव्हिंगचं सामान ऑनलाइन मागवलं आणि ते बसलं नाही, तर काय करायचं? तुम्ही म्हणाल, आम्ही कुठे डायव्हिंग करतो! पण आजकाल मापाचे बूट, मापाचा चष्मा, मापाचा लग्नाचा ड्रेस असं सगळंच फोनवरून मागवलं जातं. त्यातली भांडणं बहुतेक याच वळणाने जातात. माझ्या बाबतीत ते भांडण पाण्याखाली सुरू झालं, एवढाच फरक.

कर्नाटकात मुर्डेश्वरच्या किनाऱ्यासमोर नेत्राणी नावाचं बेट आहे. तिथे आठ मीटर खोलीवर मला श्वास पुरेना. टाकीत हवा भरपूर होती, रेग्युलेटर ठीक होता. पण छाती फुगायलाच जागा नव्हती. अंगात होता माझा नवाकोरा, माझ्याच मापाने शिवलेला ३८,००० रुपयांचा वेटसूट. मी जोडीदाराला 'काहीतरी गडबड आहे' अशी खूण केली, आम्ही हळूहळू वर आलो आणि बोटीवर मागची चेन उघडल्यावर मी पोट भरून श्वास घेतला. तो डाइव्ह तिथेच संपला. त्यानंतरची सात-आठ आठवडे चाललेली ईमेलबाजी म्हणजे आजचा एपिसोड.

मुळात कस्टम कशाला?

मी डायव्हिंग शिकले तारकर्लीला. तिथलं पाणी काही थंडगार नसतं, मग सूट कशाला, असं मलाही वाटायचं. पण पाणी हवेपेक्षा साधारण २५ पट वेगाने अंगातली उष्णता ओढून घेतं. २८ अंशांच्या पाण्यातसुद्धा पाऊण तास राहिलं की मला हुडहुडी भरते. शिवाय खडक, शिंपल्यांच्या धारा, जेलीफिश यांपासूनही सूट वाचवतो.

माझी अडचण अशी की उंची पाच फूट आणि लहानपणापासून पोहल्यामुळे खांदे रुंद. खांद्यांना बसणारा तयार सूट घेतला की पायाशी चुण्या पडतात आणि पाठीत पाण्याची पिशवी तयार होते. वेटसूट काम कसं करतो? सूट आणि त्वचेच्या मध्ये पाण्याचा पातळ थर अडकतो, तो अंगाच्या उबेने कोमट होतो. निओप्रीन म्हणजे बारीक बारीक बुडबुडे असलेलं रबर, त्यामुळे ती ऊब बाहेर जात नाही. पण सूट सैल असला की प्रत्येक हालचालीबरोबर कोमट पाणी बाहेर आणि गार पाणी आत. म्हणजे अंगात सूट असून नसल्यासारखा.

घट्ट असला तर त्याहून वाईट. छाती पूर्ण फुगत नाही, श्वास उथळ होतो, अंगात कार्बन डायऑक्साइड साठतो आणि घाबरायला होतं. गळ्याशी फार घट्ट असेल तर मानेतल्या मोठ्या रक्तवाहिनीवर दाब येऊन चक्कर येऊ शकते. म्हणून 'थोडं अॅडजस्ट करा' हे वाक्य कुर्त्याच्या बाबतीत चालतं, डायव्हिंगच्या सामानाला चालत नाही.

माया नसलेलं शिवणकाम

आपल्याकडे ब्लाउज शिवायला टाकताना आपण काय करतो? मापाला जुना ब्लाउज देतो. तरी घट्ट झाला, तर शिवणीत माया सोडलेली असते. टेलर एक टाका उसवतो, माया मोकळी करतो, विषय संपला. त्यामुळे टेलरशी आपलं भांडण फार तर दोन दिवस टिकतं.

वेटसूटमध्ये माया नसते. निओप्रीनचे तुकडे कडेला कड लावून आधी चिकटवतात आणि मग अशी शिवण घालतात की सुई आरपार जात नाही, म्हणजे भोकातून पाणी आत येत नाही. सैल झालेला सूट कापून घट्ट करता येतो. घट्ट झालेला सैल करायचा तर मध्ये नवी पट्टी घालावी लागते, किंवा सूटच नव्याने शिवावा लागतो. म्हणून विक्रेता घाबरतो आणि पहिलं वाक्य येतं: "मॅडम, कस्टम माल परत घेतला जात नाही."

मलाही तेच उत्तर आलं. शिवाय दुसरं वाक्य: "आणि तुम्ही तो वापरलाय." हे खरं होतं. पार्सल आलं तेव्हा नेत्राणीची ट्रिप पाच दिवसांवर होती. घरी घालून पाहिला तेव्हा छातीत आणि खांद्यांवर ओढ जाणवली होती. पण सगळेच म्हणतात ना, वेटसूट जमिनीवर घट्टच वाटतो, पाण्यात सैल होतो. अर्धसत्य आहे हे. खोलीवर दाबामुळे निओप्रीन पातळ होतं, दहा मीटरवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो. पण पातळ होतं म्हणजे त्याची जाडी कमी होते. छातीचा घेर त्यामुळे वाढत नाही. मी मनाची समजूत घातली आणि बॅग भरली. ही माझी पहिली चूक.

बग नक्की कुठे आहे?

परत आल्यावर मी रागारागात एक लांबलचक ईमेल लिहिला. मग एक कडक रिव्ह्यूही लिहून ठेवला, फक्त पोस्ट करायचा बाकी होता. माझ्या इन्स्ट्रक्टरने फोनवर एकच प्रश्न विचारला: "परत माप घेतलंस का?"

नव्हतं घेतलं. आणि मी म्हणे सॉफ्टवेअर इंजिनिअर! ऑफिसात कोणी 'अॅप चालत नाही' एवढंच लिहून पाठवलं, तर मीच पहिल्यांदा लॉग मागते. डेटा एका सिस्टिममधून दुसऱ्या सिस्टिममध्ये जातो त्या सांध्यावरच बहुतेक बग असतात. माझ्या सूटच्या बाबतीत असे तीन सांधे होते. माझ्या शरीरावरून आकडे फॉर्ममध्ये गेले. फॉर्ममधून इथल्या डीलरने ते परदेशातल्या फॅक्टरीच्या ऑर्डर शीटमध्ये भरले. आणि शीटवरून फॅक्टरीने कापड कापलं.

म्हणजे 'सूट बसत नाही' या तक्रारीची चार वेगवेगळी उत्तरं असू शकतात.

एक: शरीर आणि फॉर्म जुळत नाहीत. म्हणजे माप घेताना चूक झाली, जबाबदारी माझी.

दोन: फॉर्म आणि ऑर्डर शीट जुळत नाहीत. आकडे उतरवताना चूक झाली, जबाबदारी डीलरची.

तीन: ऑर्डर शीट आणि तयार सूट जुळत नाहीत. शिवताना चूक झाली, जबाबदारी फॅक्टरीची. पण ग्राहकासाठी तीही डीलरचीच, कारण पैसे मी त्याला दिले आहेत. इथे एक लक्षात ठेवा. वेटसूट अंगापेक्षा मुद्दाम थोडा लहान कापतात, कारण निओप्रीन ताणतं. त्यामुळे सूट जमिनीवर पसरून मोजला आणि आकडा अंगापेक्षा कमी आला, तर लगेच ओरडू नका. तयार सूटची मापं किती असायला हवी होती, ते लेखी मागा.

चार: सगळे आकडे जुळतात, तरी बसत नाही. म्हणजे कटिंगचा अंदाज चुकला. हे सर्वात कठीण प्रकरण, त्याबद्दल पुढे बोलूया.

टेलरकाकूंची साक्ष

पहिल्या वेळी माप माझ्या धाकट्या भावाने घेतलं होतं, एका हातात फोन धरून. या वेळी मी फॉर्म घेऊन सोसायटीखालच्या टेलरकाकूंकडे गेले. वीसपेक्षा जास्त मापं बघून त्या म्हणाल्या, "अगं, हे काय अंतराळात जायचंय का?" पण काम चोख. पातळ कपड्यांवर, टेप अंगाला टेकेल पण रुतणार नाही अशी, श्वास नेहमीसारखा. प्रत्येक माप दोनदा.

त्यातलं एक माप असतं धडाच्या फेराचं. खांद्यावरून पुढून खाली, पायांच्या मधून मागे आणि पाठीवरून पुन्हा त्याच खांद्यावर. वेटसूटमध्ये हे माप फार महत्त्वाचं आणि घरी हेच सर्वात जास्त चुकतं. टेप लावताच काकू म्हणाल्या, "पोक काढून उभी राहू नकोस." मी ताठ उभी राहिले. आकडा आला १४२ सेंमी. फॉर्मवर होता १३६.

सहा सेंटीमीटर. माझे. मी त्या दिवशी लॅपटॉपवरून उठून तशीच वाकून उभी राहिले होते, आणि भावाने जे दिसलं ते लिहिलं. खांद्यांवरची ओढ तिथून आली होती.

मग मी इनबॉक्स उघडला. डीलरने ऑर्डर दिल्यानंतर एक पीडीएफ पाठवली होती, 'कृपया तपासा' असं लिहून. मी अंगठ्याची खूण पाठवून मोकळी झाले होते. आता वाचली. माझ्या फॉर्ममध्ये छातीची तीन मापं होती: काखेच्या रेषेत ८४, पूर्ण छाती ८९, छातीखाली ७७. फॅक्टरीच्या शीटमध्ये 'पूर्ण छाती' समोर ८४ लिहिलं होतं. आकडे एका ओळीने सरकले होते. पाच सेंटीमीटर. हे डीलरचे.

म्हणजे नेत्राणीला माझा श्वास दोघांनी मिळून अडवला होता.

खरं सांगायचं की नाही?

इथे मी एक रात्र विचार करत बसले. छातीची चूक कागदावर दिसत होती. धडाच्या फेराची चूक फक्त मला आणि काकूंना माहीत होती. मी गप्प बसले असते तर पूर्ण पैसे मागता आले असते.

पण मग नवीन सूट कोणत्या आकड्यांवर शिवला जाणार? १३६ वर! छाती मोकळी, खांदे पुन्हा आवळलेले. पैसे परत घेऊन दुसरीकडे ऑर्डर दिली असती तर गोष्ट वेगळी, पण मला सूट हवा होता. आणि ती पीडीएफ मी न वाचताच मंजूर केली होती, हेही होतंच.

म्हणून रागाचा ईमेल डिलीट केला आणि एका पानाचा तक्ता पाठवला. चार रकाने: माप, मी पाठवलेला आकडा, तुमच्या शीटवरचा आकडा, आत्ता घेतलेला आकडा. खाली दोन ओळी: 'छातीची चूक तुमच्याकडची आहे, धडाच्या फेराची माझ्याकडची. दोन्ही दुरुस्त केल्याशिवाय सूट वापरणं सुरक्षित नाही. तुमचा प्रस्ताव कळवा.' सोबत काकूंनी टेप धरलेले फोटो.

तोपर्यंत दोन-दोन दिवसांनी उत्तर देणाऱ्या माणसाचा त्या संध्याकाळी फोन आला. तरी लगेच गोड शेवट झाला नाही. तो म्हणाला, "तुम्ही पीडीएफला ओके दिलं होतं." मी म्हटलं, "ओके दिलं, पण ८४ मी लिहिला नव्हता." तीन फोननंतर ठरलं: फॅक्टरी नवीन सूट शिवेल, मी ११,००० रुपये आणि पाठवण्याचा कुरिअर खर्च देईन, जुना सूट त्याच्याकडे राहील. मला हे स्वस्त वाटलं नाही. त्यालाही वाटलं नसेल. नवीन सूट आला तेव्हा मोसमाचे शेवटचे दिवस होते. तारकर्लीला एकच डाइव्ह मिळाला, पण त्यात मला सूट अंगात आहे याचा विसर पडला. चांगल्या मापाची खूण हीच.

कायदा काय म्हणतो?

आता थोडं रुक्ष, पण कामाचं. 'कस्टम माल परत नाही' असं लिहिलं म्हणजे विक्रेता सगळ्यातून सुटला, असं होत नाही.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये 'दोष' या शब्दाची व्याख्या मोठी आहे. करारात स्पष्टपणे किंवा गृहीत धरून जे ठरलं, त्यापेक्षा वस्तू कमी पडली तर तोही दोष. मापाच्या ऑर्डरमध्ये तुमचा फॉर्म हाच करार. २०२० चे ई-कॉमर्स नियमही सांगतात की ऑनलाइन विकलेली वस्तू सदोष असेल किंवा ठरल्याप्रमाणे नसेल, तर विक्रेता ती परत घ्यायला किंवा पैसे द्यायला नाकारू शकत नाही. पण आवडली नाही, मन बदललं, माप मीच चुकीचं दिलं, ही कारणं यात बसत नाहीत.

मघाचा चौथा प्रकार आठवा, आकडे बरोबर पण सूट चुकीचा. तिथे वस्तुविक्री कायदा, १९३० चं कलम १६ उपयोगी पडतं. वस्तू कशासाठी हवी हे तुम्ही विक्रेत्याला सांगितलं असेल, त्याच्या कौशल्यावर विसंबून घेतली असेल आणि तशा वस्तू विकणं हाच त्याचा धंदा असेल, तर ती त्या कामाला योग्य असली पाहिजे. म्हणून ऑर्डर देतानाच लिहा: 'समुद्रात स्कूबासाठी, साधारण इतक्या खोलीसाठी, इतक्या तापमानासाठी.' हे एक वाक्य पुढे फार कामी येतं.

त्याच कायद्यात वस्तू तपासून पाहायची वाजवी संधी मिळण्याचा हक्क आहे. पण तुम्ही ती स्वतःची असल्यासारखी वापरलीत, किंवा बराच काळ काही न कळवता ठेवून घेतलीत, तर ती स्वीकारली असं धरलं जातं. नेत्राणीच्या पाण्यात उतरून मी माझीच बाजू कमकुवत केली ती अशी.

बोलून सुटलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग. तुम्ही जिथे राहता तिथेच तक्रार करता येते, ऑनलाइनही करता येते. वस्तूची किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. मुदत दोन वर्षं.

ब्रिटन किंवा युरोपात राहून मागवत असाल तर तिथे ऑनलाइन खरेदी १४ दिवसांत रद्द करायचा हक्क आहे, पण मापाने बनवलेल्या वस्तूंना तो लागू नाही. मात्र ब्रिटनच्या २०१५ च्या ग्राहक हक्क कायद्यानुसार वस्तू सदोष किंवा वर्णनाप्रमाणे नसेल, तर ३० दिवसांत नाकारता येते, आणि हे मापाच्या वस्तूंनाही लागू आहे. भारतात बसून थेट परदेशातून मागवत असाल तर दुरुस्तीला पाठवायचा आणि परत आणायचा खर्च, त्यावरची कस्टम ड्यूटी कोण भरणार, हे पैसे देण्याआधी लेखी घ्या. तिथल्या विक्रेत्यावर इथून कारवाई करणं फार अवघड असतं.

तर मंडळी, लक्षात ठेवायचं ते एवढं

माप दुसऱ्या माणसाकडून घ्या, ताठ उभं राहून, दोनदा. जमलं तर व्हिडिओ काढा. फॉर्मवर इंच की सेंटीमीटर ते आधी बघा. डीलरने पाठवलेली शीट एकेक ओळ बोट ठेवून वाचा, अंगठा नंतर पाठवा. दुरुस्ती किती वेळा फुकट आणि कुरिअर कोणाचं, ते आधी विचारा.

पार्सल आलं की टॅग न काढता, घरी, कोरडाच घालून बघा. दोन्ही हात डोक्यावर, उकिडवं बसणं, दहा खोल श्वास. गळा आवळतोय का, पाठीच्या खोलगट भागात आणि काखेत पोकळी राहतेय का, ते बघा. शंका असेल तर त्याच दिवशी फोटोसह लेखी कळवा. आणि ट्रिप कितीही जवळ आली असली तरी न बसणारा सूट घालून पाण्यात जाऊ नका. भाड्याचा घ्या. तीनशे-चारशे रुपये वाचवायला आठ मीटरवर श्वास शोधत बसू नका. मी बसलेय.

तो रिव्ह्यू अजून माझ्या ड्राफ्टमध्ये पडून आहे. अधूनमधून उघडून वाचते आणि बरं वाटतं की पोस्ट केला नाही. अर्धाच खरा होता तो.

तुमचंही असं मापाचं भांडण झालं असेल, बुटांचं, चष्म्याचं, शेरवानीचं, तर व्हॉइस नोट पाठवा. भेटूया पुढच्या एपिसोडमध्ये. तोवर ताठ उभे राहा, काकूंचा आदेश आहे!